मुलांना अमेरिकेचा इतिहास गाण्यांतून कसा शिकवायचा (आपल्याला स्वतःला फारसा येत नसताना)

इथे अमेरिकेत येऊन राहिलेल्या आपल्या लोकांची एक ठरलेली पंचाईत असते. पोरगं चौथी-पाचवीत जातं, घरी येऊन पॉल रिव्हिअर, इरी कॅनॉल, सिव्हिल वॉर असं काय काय विचारायला लागतं, आणि आपला इतिहास शिवाजी महाराजांपासून सुरू होऊन १९४७ ला संपलेला. मग आपण फोनवर शोधून दोन परिच्छेद वाचून दाखवतो आणि पोराला जांभई येते. त्यात त्याची काही चूक नाही.

ह्यावर एक जुना, स्वस्त आणि मजेशीर उपाय आहे तो म्हणजे बॅलड, गोष्ट सांगणारं गाणं. घरी स्वतःच्या मुलांसाठी करा किंवा लायब्ररीत, मंडळाच्या वीकेंड वर्गात आठ-दहा मुलं जमवून करा, साधारण आठ ते चौदा वयाला चांगलं जमतं. गाता येत नसलं तरी चालतं, फोन आणि एक बरा स्पीकर पुरे.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा नाहीतर सगळं फसतं. गाण्यात घडलेलं जसंच्या तसं नसतं. तुळशीदासाच्या सिंहगडाच्या पोवाड्यातली घोरपड आठवा, अभ्यासक म्हणतात घोरपडीचं काही खरं नाही, पण म्हणून कोणी पोवाडा टाकून दिला का? नाही दिला, कारण लोकांना तानाजी कसा आठवायचा होता ते त्यातूनच कळतं. अमेरिकन बॅलडचं हेच आहे. तेव्हा गाणं ऐकवून "हा बघा इतिहास" म्हणायचं नाही, गाणं ऐकवायचं, मग त्या काळचा कागद दाखवायचा आणि दोन्हीत फरक का पडला हे मुलांकडून काढून घ्यायचं. खरा वर्ग त्या फरकात आहे, बाकी सगळी तयारी.

पायरी १: एकच गाणं निवडा

एका बैठकीला एकच. उत्साहात पाच गाण्यांची प्लेलिस्ट करून आणलीत तर ती पार्टी होते, वर्ग होत नाही. निवडताना बघा की घटनेला गाव आणि साल आहे का, तिच्याबद्दल कागदोपत्री काही मिळतं का आणि धृपद असं आहे का की मुलं दुसऱ्यांदा ऐकताना आपोआप म्हणायला लागतील.

शक्यतो आपण राहतो त्या भागातलं घ्या कारण मग सुट्टीत ती जागा दाखवता येते. न्यूयॉर्क राज्यात असाल तर इरी कॅनॉल, मिझुरीत दरोडेखोर जेसी जेम्स, व्हर्जिनियात डॅनव्हिलचा १९०३ चा मेल ट्रेनचा अपघात ज्याच्यावरचं गाणं १९२४ च्या रेकॉर्डमुळे देशभर गाजलं आणि मग ते लिहिलं कोणी यावरून सुप्रीम कोर्टापर्यंत भांडण गेलं. टेक्ससवाल्यांनी स्पॅनिश कॉरिदो (तिथली गोष्ट सांगणारी गाणी) बघावेत, तिथे ग्रेगोरिओ कॉर्तेसचा आहे, १९०१ सालचा. शेरीफ चौकशीला आला, दुभाष्याने घोडा की घोडी यात घोळ घातला, गोळ्या चालल्या, शेरीफ मेला आणि कॉर्तेस दहा दिवस सगळ्या पोलिसांना गुंगारा देत पळत राहिला, मग पकडला जाऊन तुरुंगात गेला, शेवटी १९१३ मध्ये गव्हर्नरने त्याला माफी दिली. इंग्रजी पेपरांसाठी तो खुनी होता, सीमेवरच्या मेक्सिकन लोकांसाठी हिरो. ह्यात वेगळं काही शिकवावं लागत नाही, दोन्ही बाजू टेबलावर ठेवल्या की मुलं स्वतःच भांडायला लागतात.

काय टाळायचं तेही सांगते. जुन्या बॅलडपैकी बरीचशी बायकांच्या खुनावर आहेत, चाल गोड असते आणि शब्द भयानक, लहान मुलांसमोर ती नकोत. दुसरं म्हणजे मिन्स्ट्रेल शोमधली गाणी, गोरे लोक तोंडाला काळं फासून काळ्या माणसांची टिंगल करायचे त्या खेळातली. आज बालगीत म्हणून ऐकवली जाणारी काही गाणी मूळची तिथलीच आहेत, 'ओ सुझाना' सुद्धा, १८४८ सालचं, त्याचं मूळ दुसरं कडवं वाचलंत तर हादराल. म्हणून कुठलंही गाणं घेण्याआधी त्याचे मूळ छापील शब्द पूर्ण वाचा, यूट्यूबवरच्या कार्टून व्हर्जनवर जाऊ नका. मोठ्या मुलांसोबत ह्याच विषयावर एक अख्खी बैठक होऊ शकते पण ती पहिली नको.

पायरी २: आधी स्वतः तयारी करा

पहिल्या वेळी मी 'जॉन हेन्री' घ्या असंच सांगेन. सोपं आहे, ठेका जबरदस्त आहे, आणि आत शिरलात तर खोली संपत नाही.

गाण्यातली गोष्ट अशी. वेस्ट व्हर्जिनियात डोंगर फोडून रेल्वेचा बोगदा करायचं काम चालू आहे. जॉन हेन्री हा काळा मजूर, खडकात सुरुंगासाठी भोक पाडणारा, एका हातात न मावणारा घण घेऊन. वाफेवर चालणारं ड्रिल येतं. तो म्हणतो मी मशीनपुढे हार मानणार नाही, शर्यत लागते, तो कुठल्या व्हर्जनमध्ये चौदा फूट तर कुठे पंधरा फूट भोक पाडतो, मशीन नऊवरच अडकतं. तो जिंकतो आणि घण हातात असतानाच मरतो. बऱ्याच व्हर्जनमध्ये शेवटी त्याची बायको पॉली ॲन घण उचलते.

आता कागद. चेसापीक अँड ओहायो रेल्वेचा बिग बेंड बोगदा टॅलकॉट गावाजवळ १८७० ते १८७२ मध्ये खणला गेला, लांबी मैलापेक्षा जास्त. तिथे आज जॉन हेन्रीचा पुतळा उभा आहे. पण स्कॉट नेल्सन नावाच्या इतिहासकाराने २००६ मध्ये वेगळीच मांडणी केली. त्याला व्हर्जिनियाच्या तुरुंगाच्या नोंदींत जॉन विल्यम हेन्री सापडला, न्यूजर्सीचा (हो, आपल्या न्यूजर्सीचा), एकोणीस वर्षांचा, चोरीच्या गुन्ह्यात दहा वर्षांची शिक्षा झालेला, आणि उंची किती तर जेमतेम पाच फूट एक इंच. तुरुंगाने असे कैदी रेल्वे कंपनीला भाड्याने दिले होते. नेल्सनच्या मते मशीनशी स्पर्धा बिग बेंडला नाही तर तिथून पूर्वेला व्हर्जिनियातल्या लुईस बोगद्यात झाली आणि तिथले मजूर मेले ते खडकाची धूळ फुप्फुसात जाऊन. गाण्याच्या काही व्हर्जनमध्ये जॉन हेन्रीला पांढऱ्या घराकडे नेऊन वाळूत पुरलं असं येतं, तुरुंगात एक पांढरी इमारत होती आणि १९९२ मध्ये त्या जागेवर शेकडो माणसांचे सांगाडे निघाले. सगळ्या अभ्यासकांना हे पटलेलं नाही, कोणी बिग बेंडच म्हणतं, कोणी अलाबामातला बोगदा म्हणतं. हे मुलांना असंच सांगा, भांडण चालू आहे म्हणून, मुलांना न सुटलेली केस आवडते.

तयारीत एवढं करा की तीन वेगवेगळ्या गायकांची व्हर्जन ऐका, गोष्टीचे पाच टप्पे एका कार्डावर दोन-दोन शब्दांत लिहा आणि नकाशावर जागा शोधून ठेवा. जास्त वाचू नका, जास्त वाचलं की सगळं सांगावंसं वाटतं.

पायरी ३: आधी गोष्ट, तीही मराठीत

गाणं लगेच लावायचं नाही. जुनं इंग्रजी, त्यात दक्षिणेकडचे उच्चार, निम्मे शब्द मुलांनाही कळत नाहीत, आपलं तर सोडाच. म्हणून आधी दहा मिनिटं गोष्ट तोंडी सांगा, वाचून नाही. मराठीत सांगा, बिनधास्त. आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी आलेले असतील तर त्यांच्याकडून सांगून घ्या, कार्ड त्यांच्या हातात द्या, आपल्यापेक्षा शंभर पट रंगवतात आणि इंग्रजी वर्गात त्यांना मागे बसून राहावं लागत नाही.

सांगताना मध्येच थांबा. मशीन डोंगरापाशी आलं, वाफ सुटतेय, कॅप्टन (म्हणजे मुकादम) म्हणतोय उद्यापासून तुम्ही लोक नकोत. इथे विचारा, तुम्ही काय केलं असतं? उत्तर दुरुस्त करू नका, पुढे जा. आणि शेवट सांगू नका, शेवट गाण्याला सांगू दे.

ठेका अंगात भिनवायला एक युक्ती आहे. जमिनीवर उशी ठेवा, जुन्या पेपरची घट्ट गुंडाळी करून घण बनवा, एक मूल पहार धरणारं (खरं काम असंच चालायचं, एकजण पहार धरून प्रत्येक ठोक्यानंतर जरा फिरवायचा, त्याला शेकर म्हणायचे, घण चुकला तर हात गेलाच), दुसरं मूल ठोके मारणारं, बाकीचे तालावर "हं" म्हणणारे. दोन मिनिटं सलग करायला लावा. हात भरून आले की मजूर काम करताना का गायचे हे बोलून सांगायची गरज उरत नाही, तालात नसाल तर दमता आणि चुकता. मोठ्या मुलांना लोकगीतं गोळा करणाऱ्या ॲलन लोमॅक्सने १९४७-४८ च्या सुमारास मिसिसिपीच्या पार्चमन तुरुंगात केलेल्या रेकॉर्डिंगपैकी एखादं ऐकवा, कुऱ्हाडीचे ठोके आणि आवाज एकत्र येतात, वर्ग गप्प होतो.

पायरी ४: गाणं, दोनदा

पहिल्यांदा नुसतं ऐकू दे, कागद नको. दुसऱ्यांदा शब्द हातात द्या आणि धृपद सगळ्यांनी म्हणायचं. तुम्ही बेसूर असाल तर मुद्दाम मोठ्याने गा, मुलांची भीड जाते. कडव्यांच्या मध्ये थांबून दोन वाक्यं गद्य बोलायला हरकत नाही, आपल्याकडे शाहीर तेच करतात.

पायरी ५: कागद बाहेर काढा

फळ्यावर तीन रकाने आखा. गाण्यात काय आहे, कागदावर काय आहे, आणि दोन्हीकडून कोण गायब आहे. पहिले दोन मुलं पटापट भरतात. तिसऱ्यावर वेळ द्या, निम्मा वर्ग तिथे गेला तरी चालेल.

जॉन हेन्रीच्या बाबतीत पहिल्या रकान्यात धिप्पाड हिरो येतो, दुसऱ्यात पाच फूट एक इंच. मग विचारा, लोकांनी त्याला उंच का केला असेल? आणि मग मोठ्या मुलांना अमेरिकेच्या घटनेची १३ वी दुरुस्ती वाचायला द्या, १८६५ ची, छोटीशी आहे. गुलामगिरी बंद, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून चालेल, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. त्या एका पळवाटेतून हजारो काळे कैदी रेल्वे, खाणी, शेतं इथे भाड्याने गेले. बारा वर्षांच्या मुलाला हे वाक्य स्वतःच्या डोळ्यांनी वाचू दे, तुम्ही भाषण देऊ नका.

आणि इथे आपल्या मुलांना सांगण्यासारखं एक आहे जे शाळेतली बाई सांगणार नाही. महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक १८७३ मध्ये अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, त्यांनी काळ्यांना गुलामीतून सोडवलं म्हणून, आणि आपल्या देशबांधवांनी त्यांच्याकडून शिकावं म्हणून. साल बघा. बोगदा खणून झाला १८७२ ला. पुण्यात अर्पणपत्रिका छापली जात होती त्याच्या वर्षभर आधीपर्यंत तिकडे डोंगरात कैदी घण मारत होते. दोन्ही खरं आहे. फुल्यांना मिळालेली बातमी खरी होती, ती अर्धी होती एवढंच. पोस्टर पेपरवर एक टाइमलाइन काढून ह्या दोन गोष्टी शेजारी शेजारी लावा, मुलं प्रश्न विचारायला लागतात.

हीच तीन रकान्यांची पद्धत बाकी गाण्यांना लावता येते.

पॉल रिव्हिअर: ही गायची नाही, म्हणायची कविता आहे, लाँगफेलोची, छापून आली जानेवारी १८६१ ला म्हणजे यादवी युद्ध तोंडावर आलेलं असताना. घटना १८ एप्रिल १७७५ च्या रात्रीची, ब्रिटिश सैन्य येतंय हे सांगायला रिव्हिअर घोड्यावरून निघाला ती. कवितेत रिव्हिअर एकटा, चर्चमधले कंदील तो नदीपलीकडे उभा राहून बघतो आणि काँकॉर्डपर्यंत पोचतो. खरं म्हणजे कंदिलाचा इशारा त्याच्यासाठी नव्हताच, त्यानेच तो पलीकडच्या लोकांसाठी ठरवून ठेवला होता. शिवाय विल्यम डॉज हा दुसरा स्वार होता, वाटेत सॅम्युएल प्रेस्कॉट भेटला, रिव्हिअरला लेक्सिंग्टनच्या पुढे ब्रिटिश गस्तीने पकडलं आणि काँकॉर्डला पोचला तो प्रेस्कॉट. रिव्हिअरने स्वतःच्या हाताने हा सगळा प्रकार लिहून ठेवलाय, मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीच्या साइटवर फुकट दिसतो. मुलांना विचारा, प्रेस्कॉट का गेला कवितेतून?

इरी कॅनॉल: गाणं ऐकून वाटतं खेचर बोट ओढत असतानाच कोणीतरी रचलंय. कालवा १८२५ ला उघडला, ऑल्बनी ते बफलो ३६३ मैल, आणि गाणं लिहिलं १९०५ ला, जेव्हा खेचरांची जागा इंजिनं घेत होती. म्हणजे ती आठवण आहे, जुने दिवस गेले म्हणून. गाण्यात ठेंगणे पूल येतात, ते ठेंगणे का तर कालव्याने शेतं कापली, शेतकऱ्यांना ये-जा करायला स्वस्तातले पूल बांधले, बोटीच्या टपावर बसलेल्याने डोकं खाली घालायचं. लहानांना डोकं खाली घालायचा भाग प्रचंड आवडतो. तिसऱ्या रकान्यात कालवा खणणारे आयरिश मजूर आणि ज्यांच्या जमिनीतून तो गेला ते मूळनिवासी.

केसी जोन्स: ३० एप्रिल १९०० ला मिसिसिपीत व्हॉनजवळ रेल्वे अपघातात मेलेला ड्रायव्हर, फायरमन सिम वेबला उडी मार म्हणाला, तो वाचला. वॉलेस सॉन्डर्स ह्या रेल्वेच्याच काळ्या कामगाराने गाणं रचलं. रेल्वेच्या अहवालाने चूक केसीची म्हटलं. आणि १९११ मध्ये कामगार चळवळीतला गीतकार जो हिल याने त्याच चालीवर केसीला संपफोड्या करून टाकलं. एक माणूस, दोन गाणी, एक अहवाल. दहा वर्षांपुढच्या मुलांसाठी ह्याहून चांगला धडा मला माहीत नाही.

एक सावधगिरी. 'फॉलो द ड्रिंकिंग गूर्ड' हे गाणं गुलामांना उत्तरेकडे पळायची गुप्त वाट सांगायचं असं शाळांमध्ये सर्रास सांगतात. ते पहिल्यांदा छापलं गेलं १९२८ मध्ये, आणि गुलामीच्या काळात ते असं वापरलं गेल्याचा भक्कम पुरावा नाही. घेऊ नका असं नाही, पण "सांगतात की" म्हणून घ्या. गुलामीत राहिलेल्यांचं खरं ऐकायचं तर गुलाम म्हणून जन्मलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या १९३६ ते १९३८ मध्ये घेतलेल्या दोन हजारांहून जास्त मुलाखती लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहेत. त्यातली एखादी आधी स्वतः वाचून, भाषा बघून, मग निवडा.

पायरी ६: मुलांनी स्वतःचं रचायचं

चाल नवी शोधू नका. बॅलडवाले कायम जुन्या चालीवर नवे शब्द बसवत आले, डॅनव्हिलच्या रेल्वेच्या गाण्याची चाल एका परत न आलेल्या जहाजाच्या गाण्याची आहे, अगदी अमेरिकेचं राष्ट्रगीतसुद्धा लंडनमधल्या एका क्लबच्या गाण्याच्या चालीवर आहे. चार ओळींचं कडवं, दुसरी आणि चौथी ओळ जुळली पाहिजे, बास. मराठीत रचायचं असेल तर पोवाड्याची चाल द्या.

विषय असा द्या ज्यावर गाणं नाही किंवा आपल्याला माहीत नाही. आनंदीबाई जोशी १८८३ ला एकट्या न्यूयॉर्कला उतरल्या आणि १८८६ ला फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, त्यांची रक्षा पकीप्सीच्या दफनभूमीत आहे, न्यूजर्सीहून गाडीने जाऊन येता येतं. विष्णू गणेश पिंगळे, तळेगाव ढमढेऱ्याचा मुलगा, सिएटलला इंजिनिअरिंग शिकायला आला, गदर पार्टीत गेला, हिंदुस्थानात परतला आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या तुरुंगात फाशी गेला. गदरवाले स्वतः कविता छापून वाटायचे, सॅन फ्रान्सिस्कोतून, तोही अमेरिकेचाच इतिहास आहे. चौदा वर्षांच्या आसपासच्या मुलांना १९४८ चा कॅलिफोर्नियातला लॉस गॅटोस कॅन्यनचा विमान अपघात द्या, ३२ माणसं मेली, त्यात परत पाठवले जाणारे २८ मेक्सिकन शेतमजूर. बातम्यांमध्ये त्यांची नावंच आली नाहीत म्हणून लोकगायक वुडी गथ्रीने गाणं लिहिलं, आणि फ्रेस्नोच्या स्मशानात त्यांची नावं दगडावर कोरली गेली ती २०१३ ला.

रचताना नियम एकच, प्रत्येक कडव्यात एक तरी गोष्ट कागदातून आलेली हवी आणि जी कल्पना आहे तिच्यापुढे मुलाने पेन्सिलीने फुली मारायची. फुल्या जास्त झाल्या तरी ओरडू नका, फक्त विचारा ही का घातलीस.

सामान कुठे मिळेल

लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या अमेरिकन फोकलाइफ सेंटरकडे जुनी फील्ड रेकॉर्डिंग भरपूर आहेत, पैसे लागत नाहीत. त्यांचाच जुन्या वर्तमानपत्रांचा संग्रह ऑनलाइन आहे, त्यात साल आणि गाव टाकून शोधा, अपघातांच्या बातम्या दुसऱ्या दिवसाच्या पेपरात सापडतात. स्मिथसोनियन फोकवेजच्या जुन्या रेकॉर्डसोबतच्या माहितीपुस्तिका बघा, त्या सहसा साइटवरच उतरवून घेता येतात. गावातल्या पब्लिक लायब्ररीच्या बाईंना विचारायला लाजू नका, त्यांना असे प्रश्न मनापासून आवडतात आणि खोलीही बऱ्याचदा फुकट मिळते.

आणि हो, वर्गात ऐकवणं वेगळं आणि मंडळाच्या यूट्यूब चॅनलवर टाकणं वेगळं. जुन्या बॅलडचे शब्द आणि चाल बहुतेक सगळ्यांच्या मालकीचे झालेत, पण कोणा गायकाने केलेल्या रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा असतो आणि गथ्रीसारख्यांची गाणी अजून कॉपीराइटमध्ये आहेत. व्हिडिओ टाकायचा असेल तर मुलांनी स्वतः गायलेलं टाका, जुनं गाणं निवडून, आणि त्याआधी सगळ्या आईबाबांना ग्रुपवर विचारून घ्या.